निकमसाहेबांची नापास गाडी

निकमसाहेब लग्नाची पत्रिका वाचत नाहीत, तपासतात. खिशातली पट्टी काढून वरचा गणपती बरोबर मध्यावर आहे का ते मोजतात आणि डावीकडे सरकलेला निघाला की पत्रिका देणाऱ्याच्याच हातात ठेवतात. "माल परत," एवढंच म्हणतात. अशाने सिडकोतल्या आमच्या निम्म्या गल्लीने त्यांना बोलावणं सोडून दिलं, आणि माझं म्हणाल तर बरंच झालं.

माझा राग जुना आहे. साहेब एका मोटार कारखान्यात तपासणी खात्यात होते आणि मी अंबडच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमधून त्यांना दारांच्या बिजागऱ्या पुरवायचो. केसाएवढा फरक निघाला की अख्खी पेटी नापास. वर नियम असा, की नापास माल मालकाने स्वतः येऊन बघायचा आणि घेऊन जायचा. माणूस पाठवलेला चालायचा नाही. भर उन्हात स्कूटर हाणत मी जायचो, वाटभर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. गेल्यावर मात्र ते शेजारी बसवून चूक दाखवायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि लवकर सोडायचे नाहीत. माझा राग काही त्याने गेला नाही.

वहिनी गेल्यापासून साहेब एकटेच असतात. मुलगा तुषार जर्मनीत, तोही गाड्यांच्याच कंपनीत. आईचे दिवस आटोपून गेला तो नाशिकला फिरकलेला नाही. यंदा वाढदिवसाला त्याने वडिलांना एक मॉडेल पाठवलं. चोवीस तास अखंड चालणाऱ्या शर्यतीतली जुनी गाडी, वीतभर लांबीची, निळी, वर नारिंगी पट्टा.

साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. टेबलावर काच, काचेवर गाडी, डोळ्याला भिंग, हातात व्हर्नियर. दारांच्या फटी मोजून झाल्या. दारावरचा आकडा तिरका नाही ना, स्टिअरिंगबरोबर पुढची चाकं वळतात ना, मागचं झाकण उघडल्यावर इंजिनच्या नळ्या जागच्या जागी आहेत ना, सगळं झालं. "चोवीस तास पळायचंय हिला," ते पुटपुटले, "हे दार पहिल्याच तासाला उडेल." शेवटी एकेका चाकाखाली त्यांनी पातळ कागद सरकवला. मागच्या डाव्या चाकाखालून तो अलगद निघून आला.

मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांचा चेहरा एकदम खुलला. लगेच फोन लावला. "तुषार, माल नापास झालाय. येऊन बघून जा."

मुलगा हसला, सॉरी म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत कुरियरने दुसरी गाडी आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या पोराचा असा संताप आला म्हणता! मी शिव्या घालत का होईना, जात तरी होतो.

दुसऱ्या गाडीत काही म्हणजे काही खोट नव्हती. सकाळभर शोधून साहेब दमले. कागद चारही चाकांखाली अडकला, मी स्वतः ओढून पाहिला. त्यांनी भिंग खाली ठेवलं. ज्या माणसाने उभ्या नोकरीत कोणासाठी एक माप इकडचं तिकडे केलं नाही, त्याने माझ्यासमोर फोन लावून सांगितलं, "हिचंही चाक टेकत नाही. फोटोत कळणार नाही ते. तूच येऊन बघायला हवंस."

कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"बाबा, तुम्हाला माझं कधी काही पसंत पडलंय का?" तुषारचा आवाज थकलेला होता. "फेकून द्या ती. यापुढे मी काही पाठवत नाही." आणि फोन बंद झाला.

साहेब बराच वेळ गाडीच्या टपावरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतो म्हणालाय. सुट्टीचं तेवढं बघतोय."

"तिकडे सुट्टी लवकर मिळत नाही हो," मी म्हणालो.