करंजवाडीच्या हत्तीची समक्ष पाहणी

आंदर मावळातल्या करंजवाडीची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि तिथे पोहोचायला दोनशे ऐंशी पायऱ्या आहेत. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल पुरातत्त्व खात्याकडे आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल एका वर्षात चारशे बारा तक्रारी आल्या. खातं लोकाभिमुख असल्यामुळे तातडीने बैठक झाली. पायऱ्या कमी करता येत नव्हत्या, कारण त्याही पुरातन होत्या. डोंगर बुटका करता येत नव्हता, कारण तो दुसऱ्या खात्याचा होता. तेव्हा लेणीच खाली आणावीत, असं एकमताने ठरलं.

लेण्यांचा राखणदार नथू याला हे कळलं तेव्हा तो वर चैत्यगृह झाडत होता. सव्वीस वर्षं त्याचं हेच काम. झाडायचं, माकडं हाकलायची, आणि स्तूपावर स्वतःचं नाव कोरू पाहणाऱ्या प्रेमी जनांना ‘घरच्या भिंतीवर कोरा’ असं नम्रपणे सुचवायचं. व्हरांड्यात दगडात कोरलेला एक हत्ती आहे, एका सुळ्याचा. नथूचा त्याच्यावर जीव. रोज सकाळी पहिला हात त्याच्या सोंडेवर, मग झाडूला. नोकरीत एवढं सुख बाकी कुणाला मिळत असेल असं त्याला वाटत नसे.

भिक्खूंनी ती लेणी पिढ्यान्‌पिढ्या खपून कोरली होती. ठेकेदाराने फायबरची लेणी पार्किंगशेजारी एकोणीस दिवसांत उभी केली, त्यातही दोन रविवार सुट्टी घेऊन. पिंपळपानी कमान गुलाबी केली. स्तूपात सात रंगांचे दिवे सोडले. हत्तीला दोन्ही सुळे बसवले, कारण एका सुळ्याचा साचाच मिळत नव्हता. काम संपल्यावर पाहणीचे प्रमुख गंगाधर साहेब यांनी ‘प्रतिकृती मुळाशी तंतोतंत जुळते’ असा दाखला सही-शिक्क्यानिशी दिला आणि ते जेवायला लोणावळ्याला गेले.

लोक खूश झाले. गाडीतून उतरायचं, कमानीत उभं राहून फोटो काढायचा, गरम भजी खायची, की झालं दोन हजार वर्षांचं दर्शन. अडचण झाली ती चुकून वर जाणाऱ्यांची. ते धापा टाकत खाली येत आणि फसवणुकीची तक्रार लिहीत. वरची लेणी खालच्यासारखी नाहीत, रंग उडालेला आहे, हत्ती अपूर्ण आहे आणि वटवाघळं मात्र खरी आहेत, असं एका कुटुंबाने नमूद केलं. खालच्या लेण्यांना इंटरनेटवर साडेचार तारे पडले, वरच्यांना जेमतेम दोन.

मग खात्याने अपेक्षा मॅडम नावाच्या सल्लागार नेमल्या. मॅडम अत्यंत कष्टाळू होत्या. त्यांनी वर आणि खाली मिळून तेवीस विसंगती शोधल्या आणि जनतेची पसंती लक्षात घेऊन खालची लेणी प्रमाण धरावीत, वरची त्याप्रमाणे दुरुस्त करावीत, अशी शिफारस केली. हत्तीला सिमेंटचा सुळा लावायचा. कमान गुलाबी करायची. शिलालेख कुणालाच वाचता येत नसल्याने तो घासून तिथे ‘सुस्वागतम्’ लिहायचं. सोबत नथूला नोटीस आली, की आपल्या ताब्यात असताना हत्तीचा सुळा कसा तुटला याचा खुलासा सात दिवसांत करावा.

सुळा आपल्या पणज्याच्या आधीपासून तुटलेला आहे, असं नथूने लिहून दिलं. ‘कर्मचारी जबाबदारी पूर्वजांवर ढकलत आहे’ असा शेरा मारून कागद परत आला.

त्या दिवशी नथूला भाकरी गोड लागली नाही. हत्तीच्या तोंडाला सिमेंट थापलेलं त्याला बघवणार नव्हतं. बायकोने, लीलाबाईने, सगळे कागद ऐकून घेतले. काम सुरू होण्याआधी खात्याच्या समितीने मूळ जागेची समक्ष पाहणी करावी, असं एका कलमात होतं. तेवढंच तिने धरलं.

“बोलवा की त्यास्नी. एकदा हत्ती बगितला, की कुनाचा हात उचलायचा न्हाई.”

नथूला ते पटलं. दोन दिवस त्याने एकेक पायरी झाडली. समिती अकराला येणार होती. वाटेत लोणावळ्यात चिक्कीची खरेदी निघाल्याने दीड वाजता आली. लीलाबाईच्या पडवीत पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात झाला. गंगाधर साहेबांनी तीनदा भात घेतला, ढेकर दिला आणि मग मान वर करून त्या पायऱ्यांकडे पाहिलं. सगळ्या समितीने पाहिलं.

“वर नक्की वेगळं काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, वर खरं हाय,” नथू म्हणाला.

साहेब विचारात पडले. वर वेगळं काही असेल, तर आपणच दिलेला तंतोतंतपणाचा दाखला खोटा ठरतो. आणि दाखला तर खरा होता, त्यावर शिक्का होता. म्हणजे वर वेगळं काही असणं नियमानेच शक्य नव्हतं. त्यांनी अपेक्षा मॅडमना तसं समजावलं. मॅडमनी स्वतःच्या तेवीस विसंगती आठवून पाहिल्या, पायऱ्या डोळ्यांनी मोजून पाहिल्या, आणि त्यांनाही ते तर्काला धरून वाटलं. समिती पार्किंगमध्ये गेली, तिने फायबरच्या हत्तीचे दोन्ही सुळे हाताने चाचपले आणि अहवाल तिथेच लिहिला. मूळ लेण्यांची समक्ष पाहणी केली. सुळे शाबूत. रंग ताजा. दुरुस्तीची गरज नाही.

नथू प्रामाणिक माणूस. तो सांगायला पुढे झालाच होता, एवढ्यात लीलाबाईने त्याचा दंड असा काही धरला, की त्याचं तोंड आपोआप मिटलं.

महिन्याभराने खात्याचं प्रशस्तिपत्र आलं. तुटलेला सुळा विहित मुदतीत पूर्ववत केल्याबद्दल नथूचं अभिनंदन केलं होतं. ते त्याने वर नेऊन हत्तीला वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता त्याला इतकं हसू लोटलं, की वटवाघळं उठली.

ही हकीकत छापायची म्हटल्यावर आम्हाला काळजी पडली. पत्ता छापला आणि लोकांची रीघ लागली, तर पुन्हा कुणाला तरी त्या हत्तीची दुरुस्ती सुचायची. वाडीचं नाव बदलू का, असं आम्ही नथूला पार्किंगमध्येच उभ्याने विचारलं. त्याने आधी आमच्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.

“कशापाई? समदं लिवा. कान्ह्याच्या ठेसनावर उतरा म्हनावं, पुढं जीप मिळती,” तो शांतपणे म्हणाला. “वाचनारी मानसं ती. वर कोन येतंय? अन्‌ त्यास्नी सांगा, फोटू सकाळच्या उन्हात चांगला येतो, हितं, खालच्या हत्तीपाशी.”