गळ्यातला समुद्र

आमच्या शेजारचे देवराम नाना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. जळगावात सोन्याची पारख सगळ्यांनाच. त्यामुळे मेहरूणला आमच्या कॉलनीत ते नवीन राहायला आले, तेव्हा आम्हा बायकांना वाटलं, म्हातारा पोत किती वजनाची ते जोखतोय. मी पदर घट्ट ओढून घेतला. तर नाना म्हणाले, "ताई, आवंढा गिळा बरं एकदा."

मी घाबरून गिळला.

"छान. गाठ नाही. आता चहा टाका."

गाठ म्हणजे थायरॉईडची. नाना अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लग्न केलेलं नाही, मागेपुढे कोणी नाही. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, तो त्यांनी आमच्या कॉलनीत भरवला. दूधवाला, वायरमन, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांनी नानांसमोर आवंढे गिळले आहेत. चहाला आले की आधी आमच्या स्वयंपाकघरात शिरायचे आणि मिठाची बरणी शेगडीपासून लांब सरकवायचे. "वाफेनं आयोडीन उडतं ताई! झाकण कुठे?"

एकदा मी चुकून विचारलं, की हे आयोडीन एवढं लागतं तरी कशाला. पोहे गार झाले, पण नाना थांबले नाहीत.

"आपले पूर्वज समुद्रात होते ना, तेव्हा आयोडीन फुकट! वाळूत रुतून बसणारा बोटभर जीव असतो एक, आजही आहे. त्याच्या घशात चिकट पन्हळ. वाहत आलेलं अन्न त्यात अडकवायचं आणि गिळायचं. त्याच पन्हळीत आयोडीन धरलं जातं. तसल्याच पन्हळीची पुढे आपली ग्रंथी झाली. मग आपण नदीत शिरलो, जमिनीवर आलो. समुद्र मागे राहिला. म्हणून प्रत्येकानं थोडा थोडा गळ्यात बांधून आणला."

"आणि मी आणलेला संपला तर?"

"म्हणून तर म्हणतो, झाकण लावा."

गच्चीवर त्यांनी टबात बेडकाची पिल्लं पाळली होती. शेपूट जाऊन पाय फुटतात तेही याच ग्रंथीच्या जोरावर, हे दाखवायला. बघायला कोणी गेलं नाही, तेव्हा बेडूकच खाली आले. शेजारच्या सत्यनारायणाला त्यातला एक थेट चौरंगावर बसला. नाना धावत आले आणि भटजींना म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या गळ्यात जे आहे, तेच याच्याही गळ्यात आहे." त्यानंतर नानांना कोणी पूजेला बोलावेना. संध्याकाळी ते एकटेच मेहरूणच्या तलावाला फेरी मारायचे. समोरून येणारे लोक रस्ता बदलायचे.

मी मात्र त्यांना बारशाला बोलावलं. माझी स्वाती बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली होती. पाळणा हलला, आत्याने कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी कुर्रर्र केलं, आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे पडले. एवढ्या गोंधळात पोरीने डोळासुद्धा उघडला नाही.

"गुणाची गं बाई," धुळ्याच्या विहीणबाई म्हणाल्या. "जन्मल्यापासून रडणं म्हणून नाही. दूध पाजायलासुद्धा उठवावं लागतं."

नाना पेढा खात होते. ते थांबले. पाळण्यावर वाकून त्यांनी पोरीचे हातपाय चाचपले, पापणी उचलून डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला. मला वाटलं, आता तान्ह्या लेकरालाही आवंढा गिळायला लावतात की काय. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हिचं रक्त तपासा. आजच."

"बारशाच्या दिवशी सुई टोचायची?" विहीणबाई भडकल्या. "कोण हे? डॉक्टर आहेत का?"

"नाही."

"मग?"

नाना दाराशी जाऊन चपला न घालता उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. गळ्याकडे नाही, तोंडाकडे. मी स्वातीला म्हटलं, "चल, ऊठ."

पोरीची ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर मेंदू वाढला नसता." रोज एक गोळी कुस्करून द्यायची, एवढाच उपाय. विहीणबाई कितीतरी वेळ दवाखान्याच्या बाकावर डोळे पुसत बसल्या.

काही आठवड्यांनी एका दुपारी मी पोरीला घेऊन नानांकडे गेले. उंबऱ्यातच तिने भोकाड पसरलं. मी तिला थोपटून गप्प करायला लागले.

"तिले रडू द्या, ताई," नाना म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. "मनी बहीन मंजू. ती कधी रडनी नही. माय सांगे, पोर गुनी शे."

त्यांचं गाव शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तेव्हा तिथे घराघरात बायकांच्या गळ्याला गाठी असायच्या. मंजूची उंची कमरेएवढीच राहिली, बोलणं दोन-चार शब्दांचं. आई गेल्यावर नानांनी तिला अमळनेरला आणलं. कॉलेजातून आले की ते तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे. मंजूचे केस पिकले तरी ती लहानच राहिली. ती गेली, आणि मग त्या घरात नानांना राहवेना.

पोर रडून दमली आणि त्यांच्या खांद्यावर हुंदके देत राहिली. नानांनी तिच्या डोक्यावरच्या विरळ जावळावरून बोटं फिरवली.

"हिना केस वाढू द्या," ते म्हणाले. "माले वेनी घालता येस."