पिटुकलीची सोनेरी झेप

बाळांनो, चुळबूळ पुरे, मांडी घालून बसा. एका जंगलात फळांपेक्षा कॅमेरे जास्त झाले होते, आणि त्याच जंगलात नानू नावाचा एक करकोचा राहत होता.

तिथे फिरायला जाणं आणि फोटो काढायला जाणं यात काही फरकच उरला नव्हता. ससा डोंगर चढला, की आधी डोंगराकडे पाठ करून उभा राहायचा. अस्वलाला मधाचं पोळं सापडलं, तरी आधी फोटो, मग मध. तोवर माशा नाकाला कडकडून चावायच्या. चावू देत, फोटो महत्त्वाचा!

अशात घुबडसरांची प्रवासी छायाचित्रण कार्यशाळा नानूच्या तळ्यावर आली. सर जंगलोजंगली फिरत आणि प्रकाश शिकवत. हो, घुबडच. हसू नका!

सर म्हणायचे, "दुपारचा प्रकाश म्हणजे गावंढळ प्रकाश. सूर्य कलला, की खरा सोनेरी प्रकाश. तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

आता सरांना दुपारी धड दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरांच्या गळ्यात तीन लेन्स लोंबत होत्या. कोण बोलणार?

नानू तर पार भारावून गेला. त्याची लेक पिटुकली उडायच्या बेतात होती. पहिलं उड्डाण काही पुन्हा होत नाही. ते झकास टिपायचं, एवढाच ध्यास त्याने घेतला.

एके दुपारी ऊन मी म्हणू लागलं. खडकांवरून गरम वारा वर उठला. करकोच्यांची पिल्लं याच वाऱ्यावर पहिल्यांदा उडतात. नानूही तसाच उडाला होता. शेजारची पिल्लं भराभर निघाली. पिटुकली फांदीच्या टोकाशी आली आणि तिने पंख पसरले.

"बाबा, बघा हं, मी निघाले!"

"थांब!" नानू किंचाळला. "हा काय प्रकाश आहे? चेहऱ्यावर सावली पडतेय तुझ्या. संध्याकाळी उड."

"अहो, संध्याकाळी वारा पडतो," त्याची बायको भागू म्हणाली. "पोरीला उचलून धरणार कोण?"

"तू कार्यशाळेला बसली होतीस का? नाही ना? मग गप्प बस."

पिटुकलीने पंख मिटले. बाबांचं ऐकायचं असतं ना, म्हणून. मला तर अजून त्या नानूचा राग येतो.

संध्याकाळ झाली. तळं पिवळंधमक दिसू लागलं. घुबडसरांनी डोळे उघडले. शिष्यमंडळी कॅमेरे सरसावून पोटावर पालथी पडली. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"आता!" नानू ओरडला. "मान वर! पंख पूर्ण पसर! खाली बघू नकोस, फोटोत वाईट दिसतं!"

पिटुकलीने झेप घेतली. कॅमेरे खटाखट वाजले. ती सोन्यासारखी झळकली आणि धाडकन खडकावर आपटली. उजवा पंख मोडला तो मोडलाच. भागू टाहो फोडत खाली धावली. नानूही धावला, पण फोटो नीट आलाय ना, ते बघून.

फोटो अप्रतिम आला होता! कार्यशाळेच्या प्रदर्शनात मधोमध लागला. खाली नाव होतं, 'पहिली झेप'. सगळं जंगल लोटलं. पिटुकलीही आली, चालत.

"केवढी उंच उडतेस गं तू!" ससा म्हणाला.

"पडतेय मी," पिटुकली म्हणाली.

"छे गं," घुबडसर समजुतीच्या सुरात म्हणाले. "फोटोत तसं काही दिसत नाही."

पिटुकलीने बाबांकडे पाहिलं. पण नानू घाईत होता. पुढच्या जंगलातल्या कार्यशाळेसाठी त्याला नाव नोंदवायचं होतं.

तात्पर्य: प्रकाश चांगला असला, की पडणंही उडण्यासारखं दिसतं. म्हणून शहाण्या पिल्लांनी हट्टाने भर दुपारी उडू नये. आईबापांच्या सोयीने, दिवस कलल्यावर, छान हसून पडावं.