आप्पांच्या रोजमेरीचं पाणी

झाडाला पाणी घातलं म्हणून माणसाला ओरडा खावा लागेल, असं आमच्या गावात एकच अंगण आहे. गाव कृष्णाकाठचं. उसाला पाणी पाजून पाजून इथल्या माणसाचा हात असा झालाय, की हिरवं दिसलं की ओतायचं. त्यामुळं पाणी पिऊन तांब्यात उरलेलं सवयीनं झाडाच्या बुडात ओतणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं सुभेदार आप्पांच्या तोंडून एकदा तरी "थम!" ऐकलेलं आहे.

फौजेतून निवृत्त झाल्यावर आप्पा काही वर्षं पाचगणीला एका वसतिगृहावर पहारेकरी होते. तिथून येताना त्यांनी रोजमेरीची फांदी आणली. सुईसारखी बारीक पानं, चोळली की हाताला दिवसभर निलगिरीच्या तेलासारखा वास, बारा महिने हिरवी, आणि पाणी जवळजवळ नकोच. हा शेवटचा गुण आप्पांना फार पटला. "ह्येला पाणी न्हाई लागत, शिस्त लागती," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमच्या काळ्या मातीत मुळं कुजतात, म्हणून त्यांनी तासगावकडच्या माळावरून ट्रॉलीभर मुरूम आणून अंगणात उंचवटा केला. असली काळीभोर जमीन असताना मुरूम आणणारा माणूस बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येऊ लागले.

रोजमेरी मटणात घालतात, हे आप्पांना पाचगणीतच कळलं होतं. एकदा घातलीही. पाहुण्यांनी रस्सा हुंगला आणि घरात कुणाला पडसं झालंय का, अशी काळजीनं चौकशी केली.

पण रोजमेरीला खरा धोका घरातूनच होता. आप्पांच्या बायकोचं, हौसाकाकींचं, म्हणणं साधं होतं. दारातला जीव तान्हेला ठेवून त्यांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. आप्पा आंघोळीला गेले की त्या तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप बुडात ओतत. मी हे सारं जवळून पाहिलंय. आमच्या घरात पुस्तक उघडायला जागा नव्हती, तेव्हा याच घराच्या सोप्यात बसून, काकींचा चहा पीत मी पदवीपर्यंत पोचलो. त्या काळात दोन रोजमेऱ्या कुजून गेल्या. दोन्ही वेळा चौकशी झाली. आप्पा हात मागे बांधून उभे राहत.

"पाणी कुणी घातलं?"

काकी सुपातली नजर वर न करता म्हणत, "पावसानं."

बाहेर चैत्रातलं ऊन असे.

पुढं पुण्यात त्यांच्या मुलाला मुलगा झाला. सून नोकरीवाली, म्हणून काकी महिनाभरासाठी गेल्या. मग नातवाला दात आले, मग तो चालू लागला, आणि प्रत्येक वेळी काकींचा मुक्काम लांबला. इकडं तिसऱ्या रोजमेरीनं कमाल केली. कमरेएवढी वाढली, निळी फुलं आली, मधमाश्या घोंगावू लागल्या. आप्पांनी खूश व्हायला हवं होतं. पण कुणी कौतुक केलं की ते नुसतं "हां" म्हणत. आंघोळीला जाताना मात्र न्हाणीचं दार अर्धं उघडं ठेवून अंगणाकडं कान देत. ओतायला घरात कुणी नव्हतं, तरी.

यंदा उन्हाळ्यात मी सहज गेलो, तर आप्पा फोनवर होते. आवाज कडक.

"रोजमेरी वाळाय लागलीया. व्हय, पार काड्या झाल्यात. मला कुठला टाइम पाणी घालाय? तुझं तू येऊन बघ."

त्यांच्या पाठीमागं ते हिरवंगार झुडूप वाऱ्यावर डुलत होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली.

काकी दोन दिवसांनी येणार असं ठरलं, तेव्हा आप्पांना घाम फुटला. मला म्हणाले, "असली तरणीताठी बघितली, तर लगेच माघारी जाईल रं ती." मग त्या माणसानं सकाळ-संध्याकाळ रोजमेरीला बादल्या घातल्या. कुणी बघू नये म्हणून मला फाटकात उभं केलं.

काकी एसटीतून उतरून आल्या. घरात न जाता, पिशवी खाली टाकून तडक झुडपापाशी गेल्या. खालची पानं पिवळी पडू लागली होती, बाकी सगळं हिरवं. त्यांनी मुरमात बोट खुपसलं. बोटाला चिखल लागला. तो त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"पाणी कुणी घातलं?"

आप्पा हात मागे बांधून उभे होते. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, इतकं ऊन होतं.

"पावसानं," ते म्हणाले.

काकींनी वर आभाळाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"आसं व्हय? मग ह्यो पाऊस थांबस्तवर ऱ्हावं लागंल मला."

आप्पांनी त्यांची पिशवी उचलली आणि आत नेली.