हेर विमानाचा जळफळाट

आवाजाच्या धंद्यात मला तोड नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही! लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' असं धीरगंभीर आवाजात ऐकलंत ना? तो मी. माझ्या त्या एका वाक्यावर भलेभले पोट आत घेऊन उभे राहतात.

त्यामुळे विमानांच्या कार्टून सिनेमासाठी बोलावणं आलं, तेव्हा मुख्य लढाऊ विमान मीच, असं मी घरी जाहीर करून टाकलं. आमची सहा वर्षांची लेक पलंगावर उड्या मारायला लागली. पण आवाजाच्या चाचणीला गेलो त्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो आणि तो द्यायला माझा मेहुणा स्टुडिओत आला. काचेचं दार ढकलून म्हणाला, "भाऊजी, चष्मा!"

दिग्दर्शक खुर्चीतून ताडकन उठला. "हाच! हाच तो आवाज!"

बोला आता! मी वीस वर्षं घशाला जपतोय, थंड पाण्याला शिवत नाही, आणि हा बाथरूमच्या फरशा विकणारा माणूस दोन शब्दांत हिरो! मला मिळालं हेर विमान. ढगाआड लपायचं आणि खबर द्यायची. अख्ख्या सिनेमात सात वाक्यं. "शत्रू उत्तरेला आहे." "शत्रू आता दक्षिणेला आहे." उरलेली पाचही तसलीच.

तेही मी गिळलं असतं. पण लेकीने शाळेत सांगितलं, "माझा मामा विमान आहे!" घरी येऊन मामाच्या विमानाचं चित्र काढलं आणि भिंतीवर चिकटवलं.

"आणि बाबा कुठंय?" मी विचारलं.

तिने एका ढगावर बोट ठेवलं. "तू मागे आहेस ना! दिसत नाहीस."

मी जळलो. मेहुण्यावर आतून-बाहेरून जळलो! एकदा, फक्त एकदा तिने कुणापुढे तरी अभिमानाने 'माझा बाबा' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

रेकॉर्डिंगला मोठ्या खोलीत मेहुणा आणि शेजारच्या अडगळीएवढ्या खोलीत मी. हेर विमान प्रत्येक प्रसंगात कुठेतरी लपलेलं असतं, म्हणून माझा माइक अखंड चालू. मला हे कोणी सांगितलंच नाही! माझं वाक्य आलं की समोरचा लाल दिवा लागतो आणि माइक तेवढ्यापुरता चालू होतो, अशी माझी समजूत. त्यामुळे मेहुण्याची लांबलचक भाषणं चालली की मी आपला मन मोकळं करत बसायचो.

"खबर आणली कोणी? मी! टाळ्या कोणाला? ह्याला! दर रविवारी येतो आणि माझ्याच खुर्चीत ठाण मांडतो. ह्याची बहीण, म्हणजे माझीच बायको, ह्याच्या ताटात डोंगर रचते आणि मला चमचाभर. वर म्हणते, तुम्हाला पचत नाही!"

आता कार्टूनच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तिथे आवाज आधी, चित्र नंतर. आवाज ऐकून चित्रकार विमानाचं तोंड हलवतात. रेकॉर्डिंगमध्ये खोकला आला तर विमानही खोकतं! माझी सगळी बडबड चित्रकारांकडे गेली. त्यांना वाटलं, लेखकाने लिहिलंय. लेखकाला वाटलं, दिग्दर्शकाने वाढवलंय. दिग्दर्शकाला वाटलं, हे आपल्यालाच कधीतरी सुचलं असणार, आणि तो स्वतःवर बेहद्द खूश झाला.

पहिल्या खेळाला आम्ही चौघं एका रांगेत बसलो. मी, लेक, मेहुणा आणि पलीकडे बायको. लढाऊ विमानाने पूल वाचवला. टाळ्या पडल्या. आणि पडद्यावरचा ढग हळूच बाजूला होऊन लांब नाकाचं, मिशीवालं, करडं विमान डोकावलं.

"खबर आणली कोणी? मी! टाळ्या कोणाला? ह्याला!"

थिएटर हसून कोसळलं! मी खुर्चीतून खाली घसरलो. चित्रकारांनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. विमानतळावर चक्क खुर्ची काढली होती आणि तिच्यात लढाऊ विमान चाकं पसरून बसलेलं. मग आलं बहीण विमान. गोलमटोल, पोटाला इंधनाची टाकी, कपाळावर आठी. तिने भावात भळाभळा इंधन ओतलं आणि माझ्यात चमच्याने.

"बाबा, ही तर आई!" लेक ओरडली. पुढच्या दोन रांगा वळल्या.

"ती टाकी म्हणजे मी?" बायकोने विचारलं. आवाज अगदी हळू होता. तिचा आवाज हळू झाला की मला घाम फुटतो.

"छे छे! ते चित्रकारांनी आपलं…"

"आणि चमचाभर? काल तीनदा वाढून कोणी घेतलं?"

मेहुणा मात्र पोट धरधरून हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "कमाल केलीत, भाऊजी! पण असले फुकटे लोक खरंच असतात का हो?"

"असतात," मी म्हणालो.

पुढचे चार दिवस बायकोने मला खरोखरच चमच्याने वाढलं. पण गल्लोगल्ली पोरं हेर विमानाची नक्कल करायला लागली होती. पाचव्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. "दुसरा सिनेमा करतोय. या वेळी हिरो हेर विमान!"

मी लेकीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"निर्मात्यांना मुख्य भूमिकेला पहिल्या सिनेमातल्या हिरोचाच आवाज हवाय. तुमच्या मेहुण्यांना घेतोय. फक्त त्यांना जळायला जमत नाहीये. जरा शिकवाल का?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे शिकवणी असते. "कुणाचा तरी हेवा मनात आण," मी सांगतो. मेहुणा डोळे मिटतो, कपाळाला आठ्या घालतो, दात आवळतो. मग डोळे उघडून निरागसपणे विचारतो, "कुणाचा आणू, भाऊजी? माझं सगळं छानच चाललंय!"

काल लेक शेजारी बसून बघत होती. अर्ध्या तासाने तिचा धीर सुटला. "मामा, तुला नाही जमत! माझ्या बाबासारखं जळायला दुसऱ्या कुणालाच येत नाही!"

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला! मी लगेच मेहुण्याकडे पाहिलं. त्याला जराही हेवा वाटला नव्हता.