कुठून, कोनाकडे, कोन्या कामाले

लांजेवारभाऊंच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नाही. जाळीच्या दाराआडून आधी आवाज येतो, "कुठून?"

पोळ्याच्या दिवशी मी करंज्यांचा डबा घेऊन गेले होते. हुडको वसाहतीत आमची घरं पुढच्या-मागच्या गल्लीत. ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी. आदल्या संध्याकाळी आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलो होतो. तरी आवाज आलाच, "कुठून?"

"अहो भाऊ, मी वैशाली!"

"नाव नाई इचारलं. कुठून आले?"

"मागच्या गल्लीतून."

"कोनाकडे?"

"तुमच्याकडेच की."

"कोन्या कामाले?"

"करंज्या द्यायला!"

जरा वेळ गेला. मग कडी निघाली. "पास," असं म्हणून भाऊंनी डबा घेतला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "या ना ताई, बसा. बाहेर कावून उभ्या?"

त्यांचा धंदाच तसा आहे. आमची एक लहानशी कंपनी आहे, लोकांच्या वेबसाइट चालवणारी. वेबसाइटचं पान बनवणं माझं काम, आणि त्या पानापर्यंत कोणाला पोचू द्यायचं ते लांजेवारभाऊंचं. इंटरनेटवरून जे काही येतं ते लहान लहान पाकिटांतून येतं. फायरवॉल नावाचं मशीन दारात बसून प्रत्येक पाकीट अडवतं आणि बघतं, की हे कुठून आलं, कोणाकडे चाललं आणि कोणत्या कामासाठी. नियमात बसलं तर 'पास', म्हणजे आत, नाही तर बाहेर. भाऊ त्या मशीनला 'दरवान' म्हणतात. सकाळी आल्या आल्या त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात. भाऊंचा स्वभाव दरवानाला लागला की दरवानाचा भाऊंना, हे आता दोघांनाही सांगता येणार नाही.

नको असलेल्या माणसाला वाटेला लावायच्या भाऊंकडे दोन तऱ्हा आहेत. "नाई म्हननं वेगळं, ताई, आन् चूप बसनं वेगळं. नाई म्हनलं का समोरच्याले समजते, घरी कोनी आहे. मंग तो पुन्हा येते." एकदा एक विमा एजंट त्यांच्या टेबलासमोर उभा राहून बोलत राहिला. भाऊ कीबोर्डकडे बघत बसले. मान हलवली नाही, हूं की चूं नाही. एजंट शेवटी माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, इनको सुनाई नहीं देता क्या?" तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "पाहा. आता नाई येत." खरंच आला नाही.

लग्नात जेवायला रांग लागली की भाऊंना बसवत नाही. एका टेबलापुढे गर्दी आणि पलीकडचा वाढपी रिकामा, हे बघून त्यांना कसंतरीच होतं. ताट खाली ठेवतात आणि सुरू होतात, "तुमी इकडे. तुमी तिकडे. काकाजी, तुमी इकडे." माणसं मुकाट्यानं ऐकतात. उतई गावच्या एका लग्नात वरबापानं त्यांना केटरर समजून बाजूला घेतलं आणि भजी थंड असल्याबद्दल चांगलंच झापलं. भाऊंनी माफी मागितली आणि भजी गरम करायला पाठवली. मग पुन्हा रांगेकडे वळले.

तर या माणसाच्या हातात गेल्या साली निकालाची वेबसाइट आली.

शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी दहावीची परीक्षा घेणारी एक संस्था आमची गिऱ्हाईक आहे. निकाल आमच्या सर्व्हरवर लागतो. त्याच्या आदल्या वर्षी निकाल लागला आणि सर्व्हर जो बसला तो उठेचना. एकाच मशीनवर सगळ्यांची झुंबड. टेलिफोन थांबेनात. नंदिनी नगरचा एक बाप आपल्या मुलीला घेऊन थेट ऑफिसातच आला. मुलगी काही बोलत नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. संस्थेनं सांगितलं की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ.

सरांनी दुसरा सर्व्हर घेतला. येणाऱ्या लोकांना दोन्ही सर्व्हरवर वाटून देणारी एक मोठी पेटी मिळते, तीही रायपूरहून मागवायचं ठरलं. भाऊ म्हणाले, "पेटी कायले? दरवान आहे ना. दारात तोच बसून राहिला. एकाले इकडे धाडन, दुसऱ्याले तिकडे."

"और जो एक बार इधर गया, वो फिर उधर गया तो?" सरांनी विचारलं.

"नाई जात. दरवान ध्यानात ठेवते. ज्याले जिकडे धाडलं, पुन्हा आला का तिकडेच धाडते."

मी विचारलं, "आणि भाऊ, दोनातला एक झोपला तर?"

"नवाकोरा आहे. कावून झोपन?"

तिथंच आम्ही दोघंही फसलो. पण ते नंतर कळलं.

निकालाच्या सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. केसांना तेल. मला नवल वाटलं, कारण एरवी हा माणूस शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात अडकवून येतो. आणखी एक नवल म्हणजे मोबाइल. कामाच्या वेळी तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो, त्या दिवशी वरच्या खिशात होता आणि भाऊ सारखे त्याच्यावर हात ठेवत होते. नाश्त्याचा डबाही उघडला नाही त्यांनी.

अकराला निकाल लागला. पान झटकन उघडलं. माझ्याकडे उघडलं, सरांच्या फोनवर उघडलं. दरवान भराभर लोकांना इकडे-तिकडे पाठवत होता. सरांनी समोसे मागवले आणि भाऊंच्या पाठीवर थाप मारली. भाऊ हसले नाहीत.

मग टेलिफोन वाजला. उघडत नाही. पुन्हा वाजला. उघडत नाही. तिसरा म्हणाला, माझं उघडलं पण भावाचं उघडत नाही. मी पुन्हा बघितलं, माझ्याकडे उघडत होतं. सर म्हणाले, "नेटवर्क होगा उनका."

तेवढ्यात भाऊंचा खिसा वाजला. ते व्हरांड्यात गेले. खिडकी उघडी होती, त्यामुळे ऐकू आलं.

"नाई उघडून राहिलं?... पुन्हा पाय... नुसतं फिरूनच राहिलं?... नाई, मी पाहून नाई सांगत. तूच पाय. रुक जराशीक."

आत आले तेव्हा चेहरा उतरलेला. खुर्चीत न बसता उभ्यानंच टाइप करू लागले. "ताई, दुसऱ्या सर्व्हरवरचा वेब प्रोग्राम अटकला. मशीन चालू आहे, पान देऊन नाई राहिलं. आन् दरवानाले मालूमच नाई! आर्धे लोक तिकडेच ढकलून राहिला. जे अटकले ते पुन्हा आले तरी तिकडेच." मग थांबून म्हणाले, "इचारलं होतं तुमी. म्याच नाई ऐकलं."

"ते राहू द्या. आता?"

"दुसऱ्याचं नाव दरवानाच्या यादीतून काढतो. आन् कोनाले कुठं धाडलं ते सारं दरवानाच्या ध्यानातून पुसतो. तुमी तो प्रोग्राम उठवा. पन आइका, लवकर. सारा गाव आता एकट्या पहिल्यावर येईन."

आला. माझ्या पडद्यावर पहिल्या सर्व्हरवरच्या भाराचा आलेख चढत चालला. गेल्या वेळी तो असाच चढला होता आणि मग सपाट झाला होता. मला ती ओढणी गुंडाळणारी मुलगी दिसायला लागली. मी दुसऱ्यावरचा प्रोग्राम बंद केला, चालू केला. उठला नाही. पुन्हा केला. सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून हनुमानाचं नाव घेत होते आणि त्यांच्या हातातल्या समोशातला बटाटा माझ्या खांद्यावर पडत होता. तिसऱ्यांदा केला तेव्हा थेट दुसऱ्या सर्व्हरवरून पान उघडलं.

"भाऊ, उठला! टाका परत!"

भाऊंनी एक ओळ टाइप केली. आलेख थबकला, मग हळूहळू उतरला. दोन्ही सर्व्हर सारखे चालू लागले. टेलिफोन आणखी थोडा वाजला आणि मग गप्प झाला. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पंखा तेज करो कोई." पंखा पूर्ण वेगानंच चालला होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी औदार्यानं म्हणाले, "भाऊ, घरचं कोणी आहे का परीक्षेला? रोल नंबर सांगा, मी आतूनच बघून देते. सगळा निकाल इथंच तर आहे."

"नोको."

"अहो, एका मिनिटाचं काम."

"मालूम आहे मले. कालपासून माह्याच मशीनवर आहे तो निकाल. म्याच चढवला." ते खिशावर हात ठेवून बसले होते. "तिनं सांगतलं, तुमी आधी पाहाचं नाई. मी पाहीन, मंग तुमाले सांगन."

"कोणी?"

"कुंदानं."

कुंदावहिनी म्हणजे त्यांची बायको. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते. वडी-पापड, मुलांचे कपडे, पाण्याची वेळ, एवढंच बोललोय आम्ही.

भाऊ खाली बघत हळू बोलत होते. "सातवीत होती, तं आई मेली तिची. धाकटे होते घरी, शाळा सोडली. लगन झालं तं मले म्हने, मी शिकू का. मी म्हनलं, शीक. मंग पोट्टे झाले, राहूनच गेलं. आता पोट्टी सासरी गेली, पोट्टा पुन्याले. दोन वर्षं झाले, करून राहिली अभ्यास. कोनाले नाई सांगतलं. लोक हासतीन म्हने. पोट्ट्याइलेई नाई सांगतलं."

रात्रभर तो निकाल त्यांच्या हाताशी होता. एक रोल नंबर टाकायचा अवकाश. मी असते तर? त्याचा विचार न केलेलाच बरा.

फोन वाजला. भाऊंनी दोन्ही हातांनी कानाला लावला. ऐकता ऐकता विचारलं, "गनित?" मग डोळ्यांवर रुमाल धरला, दरवानाची धूळ पुसायचा तोच, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पास.

सरांना म्हणाले, "घरी जाऊन येतो."

"अभी? और साइट?"

"चालून राहिली," मीच सांगितलं, आणि गाडीची किल्ली घेतली. अशा वेळी त्यांना स्कूटर चालवू द्यायची माझी छाती झाली नाही.

कुंदावहिनी फाटकाशी उभ्या होत्या, चांगलं लुगडं नेसून. मला बघताच फोन पदराआड गेला.

"ताईले सांगतलं म्या," भाऊ म्हणाले. "रागवू नोको."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी हसले नाही. मला खरं तर रडू येत होतं. त्या म्हणाल्या, "जेवले का तुमी?"

"नाई," भाऊ म्हणाले.

"मी बी नाई. या ना ताई, भात टाकते."

जेवताना वहिनींनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि एकेक विषय वाचून दाखवला. मराठी त्यांना घरचीच, पण इथली परीक्षा हिंदीतून दिलेली, त्यामुळे वाचताना जरा अडखळत होत्या. भाऊ घास हातात धरून ऐकत होते. सामाजिक विज्ञान. विज्ञान. गणिताला काठावर पास.

"पुन्हा वाच," भाऊ म्हणाले.

"आइकलं ना आता."

"पुन्हा वाच ना, कुंदा."

वहिनींनी उष्टा हात ताटात ठेवला, डाव्या हातानं पान वर सरकवलं आणि पहिल्या विषयापासून पुन्हा सुरुवात केली.