शेवाळ हरवलं त्या आठवड्यात

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, चहा अजून अर्धा कप शिल्लक असताना, नकाशाताईच्या पडद्यावरून छत्तीस हेक्टर शेवाळ नाहीसं झालं.

नकाशाताई हे काही तिचं नाव नव्हे. संरक्षित किनाऱ्याच्या कार्यालयात बसून ती उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायची, म्हणून धक्क्यावरच्या होडीवाल्यांनी तिला तसं म्हणायला सुरुवात केली, आणि मग पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चिकटलं. काम निगुतीचं होतं. ओहोटीला खडकांवरचं लांब पात्यांचं समुद्री शेवाळ उघडं पडलं की वरून घेतलेल्या खास चित्रात ते लालभडक उमटतं. तो लाल रंग मोजायचा आणि मागच्या महिन्याशी ताडून पाहायचा. नऊ वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की दोन सतरंज्यांएवढं शेवाळ घटलं तरी तिला चैन पडत नसे. आणि आज उत्तरेच्या खाडीत लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. सगळं काळंशार पाणी.

तिने तीनदा तपासलं. चित्राच्या कोपऱ्यात संगणकाने नेहमीसारखा शेरा मारला होता : ओहोटी. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. ती उठून साहेबांकडे गेली.

साहेब माणूस सज्जन, पण कोरा कागद समोर दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नसे. जेवणाच्या सुट्टीआधीच हुकूम निघाला. शेवाळ का गेलं हे कळेपर्यंत खाडी सर्व बोटींना बंद. धक्क्यावर पाटी लागली आणि बावीस होड्या दोराला बांधून पडल्या.

गुरुवारी वरच्या कार्यालयाने कारण विचारलं. कारण कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ते सगळ्यांनाच सापडलं. सांडपाणी खात्याने उन्हाळ्यावर ढकललं, हवामान खात्याने सांडपाण्यावर. एका तज्ज्ञांनी फोनवर नुसतं वर्णन ऐकून निदान केलं की हे समुद्री साळूंचं, म्हणजे तळाशी राहणाऱ्या काटेरी गोळ्यांचं काम. त्या शेवाळ खातात, त्यांना पकडायला हवं. शुक्रवारी चाळीस पिंजरे येऊन दाखल झाले. ठेवायला जागा नव्हती म्हणून ते व्हरांड्यात रचले, आणि टपाल सांभाळणाऱ्या बाईंना आपल्या टेबलापर्यंत अंग चोरून जावं लागू लागलं. त्याच दुपारी साहेब रेडिओवर बोलले. बोलता बोलता त्यांचा आवाज दाटून आला, तेव्हा रेडिओवाल्यांनी शेवटी हळवं संगीत लावलं. शनिवारी चार वाजता तीन जणांची समिती येणार असं ठरलं.

खरी अडचण झाली होती खाडीपलीकडच्या वस्तीची. तिथली शाळकरी मुलं, दवाखान्यातल्या दोघी परिचारिका, सगळे होडीने वीस मिनिटांत अलीकडे यायचे. आता त्यांना डोंगराला वळसा घालून दोन तास लागत. ती होडी आत्या चालवायची. आत्या कुणाची आत्या होती हे कुणाला माहीत नव्हतं. साठी उलटलेली, हाडापेराने मजबूत बाई. बेचाळीस वर्षं ती त्या खाडीत होडी हाकत होती.

शनिवारी सकाळी साहेब ताईला म्हणाले की समितीला उघड्याबोडक्या खडकांचे चार फोटो दाखवले तर बरं पडेल. त्यासाठी एका होडीला एका फेरीची खास परवानगी लिहून मिळाली. ताई धक्क्यावर गेली. आत्याने परवानगी वाचली नाही, घडी करून कनवटीला लावली.

ओहोटी ऐन रंगात आली होती. होडी खडकांजवळ पोचली आणि ताई कॅमेरा हातात धरून तशीच बसून राहिली. समोर शेवाळच शेवाळ होतं. तपकिरी, ओलं, गुडघाभर, नजर पोचेल तिथपर्यंत. एक बगळा त्यात उभा राहून तिच्याकडे पाहत होता.

"हेच ना गेलेलं?" आत्याने विचारलं.

ताईने मान हलवली. मग आत्याने शांतपणे विचारपूस केली. फोटो कोणत्या दिवशीचा, किती वाजताचा. मंगळवारचा, सकाळी साडेदहाचा असणार, ताईने सांगितलं, उपग्रह त्याच वेळी वरून जातो.

"मंगळवारी साडेदहाला मी परिचारिकांना घेऊन या खडकांवरून होडी नेली," आत्या म्हणाली. "पुरती भरती होती. वल्हं टेकत नव्हतं."

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उपग्रह वेळ लिहितो ती जगाच्या घड्याळाची. तिच्यात इथले साडेपाच तास मिळवायचे आणि मग भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायचं. सोमवारी तिला नवा संगणक मिळाला होता. त्या हुशार यंत्राने ते साडेपाच तास आपण होऊन मिळवले, आणि तिने नऊ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या आज्ञावलीने ते इमानेइतबारे पुन्हा मिळवले. साडेपाच-सहा तासांत भरतीची ओहोटी होते. शेवाळ कुठेही गेलं नव्हतं. ते पाण्याखाली होतं.

"आलोच आहोत तर उतर," आत्या म्हणाली. "एक दाखवायचंय."

तिने होडी एका तरंगत्या पिंपाला बांधली आणि खडकावर पाय ठेवला. शेवाळाच्या मधोमध एक गोल टक्कल होतं, चांगलं खोलीएवढं, खरवडून काढल्यासारखं. थोड्या अंतरावर दुसरं. मग तिसरं. एका रांगेत पाच.

"हे कशाने झालं?" ताईने विचारलं.

"नांगराच्या साखळीने. बोट वाऱ्यावर फिरते तशी साखळी फिरते. आमच्यातला कुणी इथे नांगर टाकत नाही, सगळे पिंपाला बांधतात."

"मग टाकतं कोण?"

आत्याने कार्यालयाच्या दिशेने पाहिलं. दर गुरुवारी कार्यालयाची मोठी बोट शेवाळाची पाहणी करायला येई आणि पाहणी होईपर्यंत तिथेच नांगर टाकून उभी राही. आत्याने तीनदा कार्यालयाच्या रखवालदाराला सांगितलं होतं. त्याने तिन्ही वेळा आदराने ऐकून घेतलं आणि सांगितलं की तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

ताईने कार्यालयात येऊन मागच्या वर्षभराची खऱ्या ओहोटीची चित्रं उघडली. लाल रंगात पाच फिके ठिपके होते. इतके दिवस तिने त्यांना खडक समजून सोडून दिलं होतं.

दुपारी ती घरी जेवायला गेली, पण जेवली नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, संगणक नवा होता असं सांगता येईल, ते खोटंही नाही.

"नाही खोटं," तो म्हणाला. "पण आमच्याकडे येणाऱ्याला आधी म्हणावं लागतं की मला नीट दिसत नाही. तोवर मी काहीच करू शकत नाही."

चार वाजता धक्क्यावरच्या शेडमध्ये सभा भरली. समितीचे तिघे खुर्च्यांवर, होडीवाले जाळ्यांच्या ढिगांवर. साहेबांनी प्रास्ताविकाचे चार कागद काढले, तेवढ्यात ताई उभी राहिली. तिने साडेपाच तासांची गोष्ट सांगितली, चूक माझी, असं दोनदा सांगितलं, आणि बावीस होड्यांची आणि वस्तीची माफी मागितली. संगणकाचं नाव घेतलं नाही. मग खऱ्या ओहोटीची चित्रं दाखवली, पाच ठिपके दाखवले, आणि ते कुणी पाडले तेही सांगून टाकलं. शेवटी म्हणाली की हे तिला उपग्रहाने नाही, आत्याने दाखवलं.

समितीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ साहेबांकडे पाहू लागले, आणि होडीवालेही. व्हरांड्यातल्या चाळीस पिंजऱ्यांचा विचार बहुधा सगळ्यांच्याच मनात एकदम आला.

साहेबांनी प्रास्ताविकाचे कागद घडी करून खिशात ठेवले. मग त्यांनी पेन काढलं, खिळ्यावरची पाटी स्वतः उतरवली आणि सगळ्यांसमोर एक दुरुस्ती केली. 'सर्व बोटींना' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कार्यालयाच्या बोटीला'. खाली सही केली, तारीख घातली आणि पाटी पुन्हा खिळ्याला लावली.

"ताई," ते म्हणाले, "रेडिओवर आता तुम्ही जा. मला हसू येईल."

पहिली टाळी जाळ्यांच्या ढिगावरून आली.

पुढच्या गुरुवारी पाहणी होतीच. साहेब आत्याच्या होडीतून खाडीत गेले. आत्याने होडी पिंपाला बांधली आणि इथून पुढे पायी, असं सांगितलं. साहेबांनी बूट काढले, विजारीची टोकं गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि त्या ओल्या, निसरड्या रानाकडे पाहून हुकमाची वाट पाहणाऱ्या माणसासारखं विचारलं, "आत्या, पाय कुठे ठेवू?"

"मी ठेवते तिथे," आत्या म्हणाली आणि चालू लागली.